जुने बूट पाठवत नाही

पुणे, 4 मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माळ्यावरचे माझे ट्रेकचे बूट पाठव, जेमतेम चार वेळा घातलेत." फोन ठेवला आणि लगेच स्टुलावर चढून खोका काढला. वरून बूट नवेकोरे, लेससुद्धा मळलेली नाही. पण टाचेखालच्या मऊ थरावर अंगठा दाबला तर तो चहात भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला. पुन्हा दाबला तसा करडा भुगा फरशीवर सांडला. तो थर पॉलियुरेथेनचा असतो, हवेतल्या दमटपणाने तो आतून विरत जातो. पायात असणाऱ्या बुटांपेक्षा खोक्यात पडून राहिलेल्या बुटांचं असं लवकर होतं. सात पावसाळे ते माळ्यावर होते गं. तेव्हा बूट पाठवत नाही. तू नवे घे, पैसे मी देते. यावर वाद नको.

राजगडावरून उतरताना माझ्या बुटाचा तळ असाच सुटला होता, तुला आठवत असेल. सुतळीने बांधून गुंजवण्यापर्यंत कशीबशी आले. तिथे खाली गाव होतं, माणसं होती. तू निघाली आहेस सिएटलजवळच्या माउंट रेनियर या डोंगराला वळसा घालायला. ती वंडरलँड ट्रेल जवळपास 150 किलोमीटरची, आणि सगळे चढ मिळून 22,000 फुटांच्या आसपास. म्हणजे समुद्रापासून कळसूबाईचं शिखर चार वेळा गाठण्याइतके. तिथे तिसऱ्या दिवशी तळ निघाला तर काय करशील, या विचाराने रात्री मला झोप लागली नाही.

सिएटलमध्येच राहतेस, तर ऑनलाइन मागवू नकोस, आरईआय या ट्रेकच्या सामानाच्या दुकानात स्वतः जा. ते दुकान सहकारी तत्त्वावर चालतं हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि दूध संघ आठवतात; तिथे 1938 साली लॉइड आणि मेरी अँडरसन या जोडप्याने गिर्यारोहक मित्रांना घेऊन संस्था काढली, कारण चांगली बर्फाची कुऱ्हाड ऑस्ट्रियाहून मागवावी लागत होती. तू सभासद हो. एकदाच 30 डॉलर भरायचे. सभासदाला वापरलेली वस्तूसुद्धा पटली नाही तर वर्षभरात परत करता येते. बुटांच्या बाबतीत याचं मोल मोठं आहे, कारण बूट कुठे चावतात ते दहा किलोमीटर चालल्याशिवाय कळत नाही.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. चालताना घालणार तेच लोकरी मोजे घरून घालून जा. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, आणि टाच मात्र उचलता कामा नये. दुकानात उतरता फळा किंवा जिना असेल तर त्यावरून खाली उतरून बघ. चढाला सगळे बूट चांगलेच वाटतात. उतारावर बोटं पुढे आपटली की नखं काळी पडतात. रतनगड ते हरिश्चंद्रगड केलं तेव्हा कात्राबाईच्या उतारावर माझी दोन्ही अंगठ्यांची नखं गेली होती. हंटर शूज एक नंबर लहान घेतले होते, दुकानदार म्हणाला "सैल होतील," आणि मी ऐकलं.

सॅक सर्वांत शेवटी घे. आधी घेतलीस तर जितकी मोठी तितकं सामान त्यात कोंबशील. विक्रेत्याला पाठ मोजायला सांग: मान खाली घातली की जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत. तुझी पाठ माझ्यासारखीच आखूड आहे, उंचीवरून साइज घेऊ नकोस. मग आत दहा-बारा किलो वजन घालून अर्धा तास दुकानात फीर. आधी कमरेचा पट्टा आवळायचा, खांद्याचे नंतर. वजन कमरेवर बसलं पाहिजे. मी पंधरा वर्षं खांद्यावर वाहिलं, त्याची किंमत माझी मान आजही देते आहे.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असतात, कम्फर्ट आणि लिमिट. तू कम्फर्टचाच आकडा बघायचास. लिमिट म्हणजे अंग चोरून कशीबशी काढलेली रात्र. डिसेंबरात राजगडावर पद्मावतीच्या देवळात तू मध्यरात्री माझ्या बॅगेत शिरली होतीस, पाय बर्फासारखे गार. ते पाय मला अजून जाणवतात. पिसांची बॅग हलकी असते, पण ओली झाली की ऊब जाते; तिकडचा पाऊस लक्षात घेऊन ती जाड प्लास्टिकच्या पिशवीतच ठेव. खाली चांगली कॅरीमॅट हवीच, जमीन अंगातली ऊब ओढून घेते.

बाकी कपडे, टॉर्च, भांडी यांत काटकसर कर, हरकत नाही. जुना विंडचीटर चालेल, फक्त पाणी टाकून बघ, थेंब ओघळतात की कापडात शिरतात. सुती टी-शर्ट मात्र एकही नको, घामाने भिजला की वाळत नाही.

जुलैच्या मध्यापर्यंत तिकडे वरच्या वाटांवर बर्फ असतो म्हणतात, तेव्हा ऑगस्टचं ठरवलंस ते बरं केलंस. बूट जूनमध्येच घे आणि ऑफिसला, बाजाराला, सगळीकडे घालून जा. मावशी जुलैत येते आहे, तिच्याबरोबर मेतकूट आणि भाजणी देते. वाटेतल्या रेंजर स्टेशनवर खाण्याचा डबा आधी पोचवता येतो म्हणालीस ना, त्यात ठेव. उंदीर पोखरणार नाहीत असा जाड डबा घे.

बूट घेतलेस की पायात घालून फोटो पाठव, बाजूने काढ, म्हणजे टाच दिसेल.

तुझी,
आई