शिशाचं तिकीट

प्रिय विन्या,

तुझा मेल वाचला. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, कुणाला बसू द्यायचं यावरून तुमच्या चर्चच्या कमिटीत चांगलीच जुंपलेली दिसतेय. पूर्वी स्कॉटलंडमध्ये काय करायचे असं तू विचारलंस, तर अरे, तिकडे चक्क तिकीट लागायचं!

शिशाचं टोकन. इथे ग्लासगोत शेजारच्या आजोबांनी त्यांच्याकडचं एक दाखवलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान, लंबगोल, पण हातात घेतलं की जड लागतं. एका बाजूला गावाचं नाव आणि साल, दुसऱ्या बाजूला बायबलमधलं वचन १ करिंथ ११:२८, म्हणजे आधी स्वतःची परीक्षा कर आणि मग भाकर खा. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे स्कॉटलंड प्रोटेस्टंट झाल्यावर, थोड्याच वर्षांत ही पद्धत सुरू झाली आणि पार एकोणिसाव्या शतकात छापील कार्डं येईपर्यंत चालली.

टोकन फुकट मिळायचं पण सहज नाही. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू आणि एल्डर म्हणजे मंडळीतले निवडलेले वडीलधारे, हे मिळून किर्क सेशन (चर्चची कमिटी), ते आधी प्रश्न विचारणार, धर्मशिकवणीची लहान प्रश्नोत्तरावली येते का (तिच्यात १०७ प्रश्न!), वागणूक कशी आहे, शेजाऱ्याशी भांडण असेल तर आधी मिटवून ये मग बघू. भांडणाची अट मला आवडली, बाकी हे म्हणजे गावच्या चावडीवर उभं राहण्यासारखंच. वर्षातून एकदा-दोनदाच प्रभुभोजन, त्यामुळे तो मोठा सोहळा, गुरुवारी उपास, शनिवारी तयारीचा उपदेश आणि टोकनवाटप, रविवारी पांढरं कापड घातलेल्या लांबलचक टेबलाशी बसायचं, सोमवारी उपकारस्तुती. हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, शुक्रवारही असायचा, त्या दिवशी गावातली मुरलेली भाविक माणसं उठून खरा विश्वासणारा ओळखायचा कसा यावर बोलायची. आणि रविवारी टेबलाशी बसायच्या आधी पाळक कुणी येऊ नये त्याची यादी ऐकवणार, याला म्हणायचे टेबलाला कुंपण घालणं. मग एल्डर टोकन गोळा करत फिरायचे.

पण खरी गंमत पुढेच आहे. एवढा बंदोबस्त केला तो नालायक लोक आत येऊ नयेत म्हणून आणि बाहेर राहिले कोण, तर भले लोक! हायलँड्समध्ये दर रविवारी न चुकता येणारी, घरी रोज प्रार्थना करणारी माणसं आपण लायक नाही म्हणून जन्मभर टेबलाशी बसलीच नाहीत, शेकडो लोक उपदेशाला आणि जेवायला मूठभर. त्यांना कुणी अडवलं नव्हतं रे, ते टोकन मागायलाच गेले नाहीत. आणि त्यांच्याच मोठ्या प्रश्नोत्तरावलीत १७२ वा प्रश्न आहे की ज्याला स्वतःबद्दल शंका आहे त्याने यावं का, आणि उत्तर असं की अविश्वासाबद्दल शोक कर, शंका दूर करायचा प्रयत्न कर, पण ये, यायलाच पाहिजेस. छापलेलं होतं, पण ते कुंपण ऐकल्यावर पाय उचलणार कसा?

कोकणात १८२३ साली आलेले स्कॉटिश मिशनरी याच वळणातले, तेव्हा तुमच्या एल्डरकाकांचा कडकपणा एकदम आभाळातून पडलेला नाही. पुढच्या मीटिंगला कोण नको याची यादी काढतील तेव्हा तू तो १७२ वा मोठ्याने वाच, आणि काका काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझा,
सुध्या