तक्त्यात २१ इंच, गाऊनमध्ये साडेसतरा : चुकीच्या मापाचे कपडे परत घेऊन रक्कम देण्याबाबत

दिनांक : १४ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : जाहिरातीत दिलेल्या मापाशी व कापडाशी न जुळणारे तीन गाऊन परत घेऊन १,९४७ रुपये परत करण्याबाबत.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील एका खेड्यात राहते. ११ एप्रिल २०२५ रोजी आपल्या ॲपवरून मी माझ्या सासूबाईंसाठी प्रत्येकी ६४९ रुपयांचे तीन गाऊन मागवले. ते १९ एप्रिलला मिळाले आणि पूर्ण रक्कम मी त्याच वेळी रोख दिली. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. आयुष्यभर त्यांनी लुगडेच नेसले, आणि फेब्रुवारीत न्हाणीत पाय घसरून उजव्या खांद्याला मार बसला नसता तर आजही त्यांनी दुसरे काही अंगावर घेतले नसते. प्लास्टर निघाले तरी खांदा आखडलेलाच राहिला आहे. हात कानापर्यंत जात नाही आणि पाठीमागे तर मुळीच वळत नाही, त्यामुळे लुगडे नेसणे बंद झाले आणि पोलके घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ लागले. म्हणून पुढून उघडणारा, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडलेली असते त्या खांदा-बगलेच्या घेरात, सैल आणि उन्हाळ्यात अंगाला सोसेल असा सुती गाऊन मी शोधत होते. आपल्या जाहिरातीत नेमके हेच लिहिले होते : पुढून पूर्ण उघडणारा, सैल मुंढा, शंभर टक्के कॉटन. मापाच्या तक्त्यात डबल एक्सेलसाठी छाती ४६ इंच, मुंढ्याचा घेर २१ इंच आणि उंची ५४ इंच असे आकडे होते. मी सासूबाईंचे माप टेपने दोनदा घेतले, तक्त्याशी ताडून पाहिले आणि मगच ऑर्डर दिली. घाईगर्दीत चुकीचे माप मागवले, असे मला फोनवर दोनदा ऐकवण्यात आले, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

पहिल्या दिवशी त्यांना आंघोळ घालून मी निळ्या रंगाचा गाऊन घालायला घेतला. डावा हात गेला. उजवा हात बाहीत कोपराच्या थोडा वर जाऊन अडकला, पुढेही सरकेना आणि मागेही येईना. जरा ओढले तर खांद्यात कळ येई, आणि सोडले तर शिवण बगलेत रुतून बसे. शेवटी जाऊबाईंनी बाही खालून उसवली तेव्हा हात मोकळा झाला. बगलेपासून दंडापर्यंत लाल वळ उठला होता आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच होता. त्या माउलीने कापडाला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट मलाच म्हणाल्या, "राहू दे वं, माहा हातच वर होत नाही." ज्या अडचणीसाठी हा कपडा विकत घेतला, तिचाच दोष त्यांनी स्वतःवर घ्यावा, हे मला फार लागले आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे.

त्याच दुपारी आम्ही तिन्ही गाऊन बाजेवर पसरून मोजले. छाती ४६ इंच भरली, उंची ५४ भरली. ही दोन मापे बरोबर आहेत, ते मी मान्य करते. मुंढ्याचा घेर मात्र तिन्ही गाऊनमध्ये साडेसतरा इंच भरला, म्हणजे तक्त्यापेक्षा साडेतीन इंचांनी कमी. माझ्या पुतणीकडे आपल्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा मध्यम मापाचा गाऊन आहे, तोही आम्ही मागवून घेतला. त्याची छाती ३८ इंच आणि मुंढा १७ इंच निघाला. म्हणजे छाती आठ इंचांनी वाढली तेव्हा मुंढा वाढला फक्त अर्धा इंच. मोठ्या मापाचा कपडा बेतताना पुढच्या-मागच्या भागाला बाजूने कापड वाढवले आहे, पण मुंढा आणि बाही लहान मापाचीच ठेवली आहे, असे यावरून स्पष्ट दिसते. जाऊबाई गेली अठरा वर्षे घरी शिलाई करतात. त्यांनी टेप लावताच सांगितले, "बाई, हा मुंढा त पोरीच्या फ्रॉकाचा दिसते."

अंगाने भरलेल्या बाईचा दंडही भरलेला असतो, आणि शेतात किंवा घरात राबणाऱ्या बाईचा तर असतोच. फडताळावरचा डबा काढायचा, दोरीवर धुणे वाळत घालायचे, हातपंप मारायचा, लेकरू कडेवर घ्यायचे, या प्रत्येक वेळी कपडा आधी बगलेत ताणतो. तिथे तो आवळत असेल तर पोटावर कितीही घोळदार असला तरी त्याला आरामदायी म्हणता येत नाही.

हे गाऊन घरी दुरुस्त करून घ्यावेत, असाही सल्ला आपल्या प्रतिनिधीने दिला. तोही आम्ही करून पाहिला असता. परंतु आतून शिवण अगदी कडेला इंटरलॉक केलेली आहे आणि माया, म्हणजे शिवणीच्या आतले जादा कापड, पाव इंचही सोडलेली नाही, त्यामुळे मुंढा उसवून सैल करायला कापडच उरत नाही. बगलेत चौबगला, म्हणजे सैल करण्यासाठीचा कापडाचा तुकडा, टाकायचा तर तसेच कापड हवे, आणि ते तिसऱ्या गाऊनमधून कापावे लागेल. ६४९ रुपयांचे दोन गाऊन नीट करण्यासाठी तिसरा फाडावा, असे आपले म्हणणे असेल तर ते आपण लेखी कळवावे.

आता कापडाविषयी. आमच्या भागाचे सगळे जगणे कापसावर आहे. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून मगच कमरेला ओटी बांधणाऱ्या आम्ही बायका. सुती कोणते आणि मिसळीचे कोणते, ते आमच्या बोटांना कळते. तरीही नुसत्या अंदाजावर आरोप नको, म्हणून मी उसवलेल्या बाहीच्या कापडातून उभा आणि आडवा असे दोन धागे ओढून काडीने पेटवले. शिवणीचा धागा मुद्दाम घेतला नाही, कारण तो सुती कपड्यातही पुष्कळदा पॉलिएस्टरचा असतो. उभा धागा कागदासारखा जळाला आणि त्याची मऊ राख झाली. आडवा धागा आखडत गेला, वितळला आणि त्याच्या टोकाला काळी, कडक गुठळी राहिली. ती बोटांनी चुरत नाही. निव्वळ सुती कापडात असे होत नाही. कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी वीज गेली की पंखाही बंद पडतो. उसवलेल्या बाहीचा तो गाऊन सासूबाईंनी नाइलाजाने दोन दिवस वापरला, तेवढ्यात पाठभर घामोळ्या उठल्या. तेव्हापासून त्या माझ्या सासऱ्यांचा जुना सुती सदरा घालून बसतात, आणि पाहुणे आले की अंगावर चादर ओढून घेतात.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राला मी २२ एप्रिल ते ६ मे या काळात चार फोन केले. पहिल्यांदा सांगितले की आमच्या पिनकोडवर परतीचा माल उचलण्याची सोय नाही. दुसऱ्यांदा सांगितले की स्वखर्चाने कुरिअर करावे. कुरिअरचे दुकान तालुक्याला, आमच्या गावापासून १४ किलोमीटरवर आहे आणि तिथे २१० रुपये सांगितले, शिवाय जाण्यायेण्याचे भाडे आणि शेतीकामाचा एक दिवस वेगळा. माल देताना आपला माणूस गाव लांब आहे म्हणून फाट्यापर्यंतच आला होता आणि पैसे घेतल्याशिवाय त्याने पिशवी उघडू दिली नव्हती. ज्या पिनकोडवर पैसे घ्यायला माणूस येऊ शकतो, तिथे माल परत न्यायला का येऊ शकत नाही, याचे उत्तर मला मिळालेले नाही. चौथ्या फोनवर, टॅग कापला असल्यामुळे परतीचा हक्क संपला, असे सांगून तक्रार बंद करण्यात आली. टॅग फक्त निळ्या गाऊनचा कापला आहे, कारण त्याची कडक किनार मानेला टोचत होती. उरलेले दोन गाऊन टॅगसह, घडीसुद्धा न मोडल्यासारखे ठेवले आहेत. तरी परतीचा नकार तिन्ही गाऊनना दिला गेला.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा घेतलेले पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एक महिन्यात होणे बंधनकारक आहे. त्यामुळे वापरलेल्या निळ्या गाऊनचे पैसेही मी मागत आहे, कारण तो अंगात घालून पाहिल्याशिवाय त्याचा दोष कळणे शक्यच नव्हते.

तरी आपण १,९४७ रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत आणि तिन्ही गाऊन आपल्या खर्चाने घेऊन जावेत. मापाच्या तक्त्यातील मुंढ्याचा आकडा प्रत्यक्ष कपडा मोजून दुरुस्त करावा आणि जाहिरातीतील 'शंभर टक्के कॉटन' हे शब्द काढावेत, म्हणजे दुखऱ्या खांद्याच्या दुसऱ्या कोणा म्हातारीवर ही वेळ येणार नाही. आपण मोठ्या मापाचा मुंढा खरोखर २१ इंचांचा आणि कापड खरोखर सुती करून विकायला ठेवलेत, तर मी ते पुन्हा विकत घ्यायला तयार आहे, कारण पुढून पूर्ण उघडणारा गाऊन आमच्या तालुक्याच्या बाजारात मला मिळालेला नाही. एक महिन्यात निवारण न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि त्यानंतर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते.

मोजमापाची छायाचित्रे, जळालेल्या धाग्याचे छायाचित्र आणि बिलाची प्रत सोबत आहे. आपला माणूस येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी फोन करावा. सकाळी ११ च्या आत आला तर मी गाऊन घेऊन फाट्यावर थांबेन. त्यानंतर उन्हामुळे सासूबाईंना घरी एकटे सोडून येता येत नाही.

आपली विश्वासू,
(सही)
एक ग्राहक
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ