करचिया यार्ड कुठे राहिलं?

संपादक महोदय,

बडोद्याच्या कारखान्यांवरचा तुमचा रविवारचा लेख वाचला, छान होता, पण कोयली रिफायनरीच्या गोष्टीत रेल्वेचं नावच नाही हे खटकलं. १९६३ साली नेहरूंच्या हस्ते पायाभरणी, सोव्हिएत मदत, १९६५ला उत्पादन सुरू, हे सगळं आलंय. पण तयार झालेलं डिझेल-केरोसीन लांबच्या डेपोंपर्यंत पोचवलं कोणी? पाइपलाइनी हळूहळू वाढल्या, तोवर मोठा भार बडोद्याजवळच्या करचिया रेल्वे यार्डातल्या टँक वॅगनांवरच होता, आणि आजही तिथून रेक (टँक वॅगनांच्या अख्ख्या मालगाड्या) सुटतात. आताच्या एका वॅगनमध्ये साधारण ७० हजार लिटर मावतं, एका रेकला असे पन्नासेक डबे, म्हणजे तेवढाच माल रस्त्याने न्यायचा तर दीडेकशे टँकर लागतील (आपल्या हायवेची आधीच काय अवस्था आहे ते सोडा).

लहानपणी बाजव्याच्या फाटकाशी सायकल धरून आम्ही ते काळे गोल डबे मोजायचो, डिझेलचा वास नाकात बसायचा आणि मोजणी नेहमी चाळिसाच्या पुढे चुकायची. यार्डातले रिटायर्ड लोक अजून बडोद्यात आहेत, पुढच्या भागात त्यांच्याशी बोला की.

– एक वाचक, रावपुरा, बडोदा