तिचं बीपी किती आहे ते तिला सांगा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सरकारी दवाखान्यात बाळंत झालेली बाई आहे. मुलगी आता तीन वर्षांची आहे, ठणठणीत आहे, हे टाईप करतेय तेव्हा शेजारीच झोपलीये. तक्रार करायची नाही असं ठरवून बसले होते पण थोडी तक्रार आहेच, ती आधी सांगते आणि मग जे मागायचंय ते मागते.

माझं गरोदरपणाचं कार्ड मी अजून ठेवलंय. घडीवर फाटायला आलंय. त्यात तारीख, आठवडे, वजन, बीपी, एचबी, लघवी, बाळाचे ठोके असे रकाने आहेत आणि बीपीच्या रकान्यात एकाखाली एक पाच वेळा ११०/७० लिहिलंय. पाचही वेळा तेच. आता मला माहितीये की बीपी असं एका जागी बसत नाही, दोन जिने चढून आलं तरी वर जातं, आणि त्या पाचातल्या दोन तपासण्यांना तर दंडाला पट्टा गुंडाळल्याचंच मला आठवत नाही. मशीन बंद पडलेलं होतं, बाहेर रांग लागलेली, मागचा आकडा बघून पुढे तोच लिहिला गेला. मी समोर स्टुलावर बसलेली होते, सगळं बघत होते, आणि तरी माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की इथे काहीतरी राहून जातंय. कारण काय व्हायला पाहिजे हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेहतिसाव्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. दोन दिवस दुखलं, मला वाटलं झोप होत नाहीये म्हणून. मग डोळ्यासमोर काजवे चमकल्यासारखं व्हायला लागलं, अंगठी बोटातून निघेना, घरचे म्हणाले या दिवसात सूज येतेच. तिसऱ्या दिवशी नेमकी तपासणीची तारीख होती म्हणून गेले, नाहीतर गेले नसते, हे अगदी खरं सांगते. त्या दिवशी वेगळ्या सिस्टर होत्या. त्यांनी मला आधी पाच मिनिटं नुसतं बसवलं. पाठ टेकून बसा म्हणाल्या, पाय जमिनीवर ठेवा, बोलू नका. पट्टा बांधला, तो माझ्या दंडाला घट्ट होत होता तर आत जाऊन मोठा घेऊन आल्या. एकदा घेतलं, थोड्या वेळाने परत घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमचं बीपी १६० वर ११० आहे, हे खूप जास्त आहे, आता घरी जायचं नाही."

इतक्या महिन्यांत माझा आकडा कुणीतरी मला तोंडाने सांगितला तो पहिल्यांदा.

लघवीत प्रोटीन निघालं, मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं (अंगातून आग गेल्यासारखं वाटतं, पण ते आधी सांगून दिलं होतं त्यामुळे घाबरले नाही), बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि चौथ्या दिवशी सिझर झालं. मुलगी १ किलो ८०० ग्रॅमची होती. तिला आणि मला दोघींनाही त्याच सरकारी दवाखान्याने वाचवलं, ज्या दवाखान्यात पाच वेळा ११०/७० लिहिलं गेलं होतं. म्हणून मी नाव घेत नाहीये आणि घेणारही नाही. सरकारी दवाखाना वाईट असतो हे मला म्हणायचंच नाहीये. तिथे काय काय होऊ शकतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर ते रोज आणि प्रत्येकीच्या बाबतीत व्हावं असं वाटतं.

या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात, साधारण विसाव्या आठवड्यानंतर सुरू होतो, वार म्हणजे प्लॅसेंटा नीट रुजलेली नसली की पुढे आईच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो आणि बीपी चढतं. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे सुरुवातीला बाईला काहीच वाटत नाही. डोकं दुखायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. १४० वर ९० पार झालं की लक्ष ठेवायचं, १६० वर ११० म्हणजे धावपळ करायची, नाहीतर झटके येतात, किडनी, लिव्हर, मेंदू काहीही धोक्यात येतं. हे लवकर पकडायला कुठलं महागडं मशीन लागत नाही, दंडाला बांधायचा पट्टा लागतो आणि लघवीत बुडवायची पट्टी लागते. आणि उपाय पण जुना आणि साधाच आहे, मॅग्नेशियम सल्फेट. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या मॅगपाय ट्रायलमध्ये दिसलं की ते दिलं की झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. म्हणजे औषध आहे, माहिती आहे, सगळं आहे, फक्त कुणीतरी खरंखुरं बीपी मोजायला पाहिजे आणि जिचं मोजलं तिला ते कळायला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की गरोदरपणात चार तपासण्या पुरत नाहीत, किमान आठ पाहिजेत. पहिली बाराव्या आठवड्याच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्याला. बघा ना, शेवटी शेवटी त्या किती जवळ जवळ येतात, कारण बीपी चढणं, बाळाची वाढ कमी पडणं हे सगळं त्याच काळात होतं. पण आठ आकडा गाठला म्हणजे काम झालं असं कुणी समजू नये असं मला कळकळीने वाटतं. माझ्या पाच तपासण्या रजिस्टरला पाच म्हणूनच लागल्या असणार. दोन मिनिटांत कार्डावर सही करून पाठवलेली बाई आणि पाच मिनिटं बसवून दोनदा बीपी घेतलेली बाई, रजिस्टरमध्ये दोघींची नोंद सारखीच दिसते. तुमच्यापर्यंत जे रिपोर्ट येतात त्यात हा फरक दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

बाईला काय काय माहिती असायला हवं तर पहिल्या तपासणीत रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही, सिफिलीस, कावीळ बी या तपासण्या का करतात ते. सिफिलीसचं नाव ऐकून बायका घाबरतात, लाजतात, पण वेळेत सापडला तर पेनिसिलिनने बरा होतो आणि बाळ वाचतं, एवढं एक वाक्य सांगितलं तरी तपासणीला कुणी नाही म्हणणार नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या आसपास अँटी-डी चं इंजेक्शन लागतं, आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांत परत, हे तिला स्वतःला माहिती पाहिजे कारण ऐनवेळी दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथे सांगणार कोण. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर त्याला अॅनिमिया म्हणतात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट जड होतं, आणि हे आधी न सांगितल्यामुळे किती जणी गोळ्या गुपचूप बंद करतात ते मी रांगेत बसून स्वतः ऐकलंय. एक सोनोग्राफी २४ आठवड्यांच्या आत. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांच्या मधे.

आणि तारखेची वाट न बघता लगेच निघायचं ते केव्हा, हे तर पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे. रक्त जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यासमोर अंधारी किंवा काजवे, तोंडावर किंवा हातांवर सूज, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखणं, ताप, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातल्या तीन गोष्टी माझ्यात होत्या आणि मी घरी तारखेची वाट बघत झोपून होते.

२०२३ या एका वर्षात जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात आणि बाळंतपणाच्या आगेमागे गेल्या, म्हणजे साधारण दर दोन मिनिटांना एक. हा आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसले होते. यातले बहुतेक मृत्यू टाळता येणारे असतात असं सगळे तज्ज्ञ सांगतात आणि मला ते अगदी पटतं कारण मी टळलेली आहे.

सिस्टरांना दोष देऊन हे सुटणार नाही. ज्यांनी मागचा आकडा उतरवला त्यांना मी नंतर वॉर्डात पाहिलंय, एकट्या तीन जणींच्या कळा सांभाळत होत्या, पाणी प्यायला वेळ नव्हता. मशीनची दुरुस्ती कुणी करायची, मोठा पट्टा कुठून आणायचा, लघवीच्या पट्ट्या संपल्या तर कुणाला सांगायचं, हे त्यांच्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे. मशीन बंद असेल तर रकान्यात "मोजलं नाही, मशीन बंद" असं लिहायची मुभा त्यांना द्या आणि तसं लिहिलं म्हणून त्यांच्यावर कारवाई होणार नाही असं स्पष्ट सांगा. रिकामा रकाना दिसला तर पुढची सिस्टर तरी मोजेल. खोटा ११०/७० दिसला तर ती पण पुढे जाते.

बोलण्याचं पण एक आहे. बाई कळा देत असताना तिच्यावर ओरडणं, "आता कशाला रडतेस" म्हणणं, हे किती जणींनी ऐकलंय ते विचारून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्ये स्वच्छ म्हटलंय की बाईला तिच्या पसंतीचं एक माणूस कळांच्या वेळी सोबत असू द्यावं, तिच्याशी मानाने वागावं, काय करतोय ते तिला समजेल असं सांगावं. माझ्या बाजूच्या कॉटवरची मुलगी, विशीतली असेल, रात्रभर आईला हाका मारत होती आणि आई दाराबाहेर बाकावर बसलेली होती, दहा पावलांवर. तिला आत घ्यायला काय खर्च आला असता?

आता मागणं. मोठं बजेट, नवीन इमारत हे मागायला माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. मला दोन गोष्टी पाहिजेत. एक म्हणजे नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी तिच्या भाषेत, मोठ्या अक्षरात, एक पान द्या. कितव्या आठवड्याला यायचं, त्या दिवशी काय काय मोजलं जाईल, कशासाठी, आणि कधी तारीख न बघता धावत यायचं. जिला वाचता येत नाही तिला ते वाचून दाखवा, चित्रं काढा. कार्ड तिच्याकडेच राहू द्या, काही ठिकाणी ते दवाखान्यातच ठेवून घेतात, ते बंद करा, जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते की कागद बाईच्या हातात असावेत.

दुसरी गोष्ट, आकडा मोठ्याने सांगायचा. बीपी घेतलं की "ताई, तुमचं इतकं आहे, ठीक आहे" किंवा "जास्त आहे, थांबा". एवढंच. पाच सेकंद लागतात. न मोजता मोठ्याने आकडा सांगणं कुठल्याही सिस्टरला जड जाईल, आणि मोजलं नसेल तर समोरची बाई म्हणेल की अजून पट्टाच बांधला नाही तुम्ही. मी म्हणाले असते. मला माहिती असतं तर नक्की म्हणाले असते.

माझी धाकटी बहीण पुढच्या आठवड्यात पहिल्या तपासणीला जातेय, सरकारी दवाखान्यातच. परवा फोनवर विचारत होती काय काय विचारू गं ताई. मी वहीचं पान फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलंय, आठही आठवडे लिहिलेत, प्रत्येकापुढे बीपीसाठी मोकळी जागा सोडलीये आणि खाली लिहिलंय की आकडा विचारल्याशिवाय स्टुलावरून उठायचं नाही. त्या पानाचा फोटो या पत्रासोबत पाठवतेय. अक्षर फार चांगलं नाही पण वाचता येतं. तुमच्या खात्यातल्या डॉक्टरांना दाखवा, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, आणि छापा.

आपली,
१६०/११० वाली एक आई