माशीच्या प्रयोगात अंधार पक्का हवा

महोदय,

पुण्यातल्या महाविद्यालयांत फळमाशीच्या दिनक्रमावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी हे पत्र. १२ तास उजेड, १२ तास अंधार आणि २५ अंश तापमानात माशी सकाळ-संध्याकाळ धावते, दुपारी झोपते. खरी मौज अशी की दिवा लागण्याआधीच तिची हालचाल वाढते. म्हणजे ती नुसती उजेडाला दचकत नाही. मेंदूतले घड्याळ चालू असते. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या मोजक्या चेतापेशी ‘पीडीएफ’ हे संदेशद्रव्य सोडतात. ते नसले तर पहाटेची ही तयारी नाहीशी होते, आणि सततच्या अंधारात काही दिवसांतच बहुतेक माश्यांची लय विस्कटते.

प्रकल्प बिघडतो तो बहुधा प्रकाशाच्या गळतीने. पेशींतले क्रिप्टोक्रोम हे प्रथिन निळा प्रकाश टिपते, मग घड्याळ चालवणारे टाइमलेस प्रथिन मोडते. रात्री मोबाइलचा टॉर्च मारून डोकावलात तर घड्याळ सरकलेच. अंधारात मंद लाल दिवाच वापरा.

माशी ठेवायच्या ५ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत एका टोकाला अगार (जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) व ५ टक्के साखर, दुसऱ्या टोकाला कापूस. अगार नीट घट्ट झाले नाही तर माशी चिकटून मरते आणि हालचालीच्या आलेखात झोपलेली दिसते! पहिल्या दिवसाच्या नोंदी वगळा.

एप्रिल-मेमध्ये वीज गेली की या नळ्या ठेवलेली, ठरावीक तापमानाची पेटी तापते. दुपारची झोप लांबते, संध्याकाळची धावपळ रात्रीकडे ढकलली जाते. पेटीत तापमान व प्रकाश यांची स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि महाविद्यालयांनी पेटीला इन्व्हर्टर द्यावा, ही विनंती.

– जीवशास्त्राचे काही अध्यापक, पुणे