इंग्रजी पानावरची अरबी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

एम.ए.च्या प्रबंधासाठी अरब लेखकांच्या इंग्रजी कादंबऱ्या घेतो आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र बारा पुस्तकांची ती यादी आधी चारवर आण. इजिप्तचे नजीब महफूझ आणि सुदानचे तय्यिब सालिह तर आजच काढ. दोघेही थोर, पण दोघांनी लिहिलं अरबीत. सालिह यांची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ' १९६६ साली अरबीत आली, आणि तू वाचणार आहेस तो डेनिस जॉन्सन-डेव्हिस यांचा १९६९चा अनुवाद. त्यातलं इंग्रजी अनुवादकाचं आहे. तुझा प्रश्न 'लेखकाने इंग्रजीचं काय केलं' असा असेल, तर ते पुस्तक त्याचं उत्तर देऊ शकत नाही. ही गल्लत फार जण करतात. सुरुवातीच्या छपाईच्या पानावर अनुवादकाचं नाव आहे का, एवढं बघितलं तरी ती टळते.

माझे चार असे: अमीन रिहानी यांची 'द बुक ऑफ खालिद' (१९११), वगीह घाली यांची 'बिअर इन द स्नूकर क्लब' (१९६४), अहदाफ सुएफ यांची 'द मॅप ऑफ लव्ह' (१९९९) आणि हिशाम मतार यांची 'इन द कंट्री ऑफ मेन' (२००६). लेबनॉन, इजिप्त, पुन्हा इजिप्त, लिबिया. एकूण पंचाण्णव वर्षांचा पट. लैला अबुलेला यांची 'द ट्रान्सलेटर' राखीव ठेव. एखादं पुस्तक हाती लागलं नाही, तर ती तिथे चपखल बसेल.

या चारांकडे बघताना 'अरब म्हणजे मुसलमान' हे समीकरण डोक्यातून काढून टाक. रिहानी मारोनी (लेबनॉनमधला एक जुना पंथ) ख्रिस्ती घरातले, घाली कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन चर्चचे, ख्रिस्ती. घालींचा नायक राम हाही कॉप्ट आहे आणि त्याचं प्रेम एडना या ज्यू मुलीवर आहे. १९५६च्या सुएझ प्रकरणानंतर, म्हणजे कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर केलेल्या हल्ल्यानंतर, त्या दोघांचं इजिप्तमधलं स्थान काय राहिलं, हे धर्माचा तपशील सोडून वाचलंस तर कादंबरीच हातातून निसटेल.

आता वाचण्याबद्दल. प्रत्येक कादंबरी दोनदा वाच. पहिल्यांदा पेन्सिल हातात घेऊ नकोस. दुसऱ्या वाचनाला एक जाड वही घे आणि चार रकाने आख: प्रकरण व पान, शब्द किंवा वाक्य, पात्र त्या क्षणी खरोखर कोणत्या भाषेत बोलतंय, आणि लेखकाने ते कसं कळवलं. म्हणजे तिरपा टाइप वापरला, लगेच अर्थ दिला, शेवटच्या शब्दसूचीत टाकला, की तसाच सोडला. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून प्रकरण लिहायला विसरू नकोस. नाहीतर दुसरी प्रत हातात आली की सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात.

तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. सुएफ यांच्या कादंबरीत १९०० सालाच्या सुमारास इजिप्तला आलेली ॲना विंटरबॉर्न आणि शरीफ अल-बारुदी एकमेकांशी फ्रेंचमध्ये बोलतात, कारण तिला अरबी येत नाही आणि त्याला इंग्रजी. पानावर मात्र सगळं इंग्रजी दिसतं. म्हणजे इंग्रज बाईचं बोलणंही तिथे तिच्या स्वतःच्या भाषेतलं नाही. दोघंही परक्या भाषेत, त्यामुळे दोघंही एका पातळीवर. घाईने वाचणाऱ्याला ही समानता दिसतच नाही. तो 'इंग्रज स्त्री आणि पौर्वात्य पुरुष' एवढंच पकडतो आणि पश्चिमेने पूर्वेचं चित्र कसं रंगवलं हे सांगणारं एडवर्ड सईद यांचं १९७८चं 'ओरिएंटलिझम' घेऊन बसतो. सईद वाचायचेच आहेत, पण वही भरल्यावर. आधी वाचलेस तर प्रत्येक पानावर तेच दिसायला लागतील.

सुएफ यांच्या त्याच कादंबरीत, आजच्या काळातल्या भागात, इजिप्तची अमल ही अमेरिकन इझाबेलला अरबी धातू समजावते. क-ल-ब ही तीन व्यंजनं. त्यांतून 'कल्ब' म्हणजे हृदय, 'मक्लूब' म्हणजे उलटं झालेलं, आणि 'इन्किलाब' म्हणजे उलथापालथ, सत्तापालट. इथे मराठी वाचकाचे कान टवकारतात. 'इन्किलाब' आपण घोषणेत लहानपणापासून ऐकलाय, पण त्याच्या पोटात हृदयाचा शब्द आहे हे कुठे ठाऊक असतं? फारसीच्या वाटेने आपल्याकडे अशी कुटुंबंच्या कुटुंबं आली आहेत. नजर, मंजूर आणि कोर्टातला नाझर ही एकाच धातूची लेकरं. हुकूम, हाकीम, महकमा ही दुसऱ्याची. लंडनच्या वाचकाला जे शिकवावं लागतं, त्यातलं अर्धं तुझ्या तोंडात आहे. प्रबंधात याचा उपयोग कर, मनापासून सांगतो.

अरबी लिपीची अठ्ठावीस अक्षरं शिकून घे. भाषा नाही आली तरी चालेल, पण हान्स वेर यांचा अरबी-इंग्रजी कोश उघडता आला पाहिजे. तो धातूंप्रमाणे लावलेला आहे, त्यामुळे 'मक्लूब' हा 'म'खाली शोधलास तर सापडणार नाही. दुसरी अडचण उच्चाराची. कैरोच्या बोलीत 'ज'चा 'ग' होतो: इतरत्र जमाल, तिथे गमाल. म्हणून इजिप्तच्या कादंबरीतला 'ग'चा शब्द कोशात 'ज'खाली बघायचा. आणि मतार यांची कादंबरी जिथे घडते ती त्रिपोली लिबियातली. त्याच नावाचं शहर लेबनॉनमध्येही आहे.

मतार वाचताना वेगळी वही लागेल. निवेदक सुलेमान नऊ वर्षांचा, साल १९७९. वडील घरी नसले की आई 'आजारी' पडते आणि 'औषध' घेते. ते औषध येतं बेकरीवाल्याकडून, गुपचूप. लिबियात तेव्हा दारूबंदी होती हे माहीत असलं की बाटलीत काय आहे ते कळतं. मुलाला कळत नाही. डाव्या पानावर 'मुलाला काय माहीत', उजव्यावर 'आपल्याला काय माहीत' असं लिहीत जा. या दोन पानांमधल्या अंतरातूनच कादंबरीतली भीती तयार होते.

रिहानी तुला जड जातील. भाषा पल्लेदार, मध्येच प्रवचन. ती अरब लेखकाची पहिली इंग्रजी कादंबरी मानली जाते, आणि तिच्यातली चित्रं खलील जिब्रान यांची आहेत, पण नुसत्या पहिलेपणासाठी ती वाचू नकोस. संपादक म्हणवणारा निवेदक सांगतो की त्याला कैरोच्या ग्रंथालयात खालिदचं अरबी हस्तलिखित मिळालं, आणि जोडीला खालिदचा मित्र शकीब याने लिहिलेलं त्याचं चरित्रही. म्हणजे आपण जे इंग्रजी वाचतोय ते अरबीतून आणल्याचा बहाणा पहिल्याच कादंबरीत आहे! अठ्ठ्याऐंशी वर्षांनी सुएफ पुन्हा एका पेटीतले जुने कागद उघडतात. हा धागा तुझ्या प्रबंधाचा कणा होऊ शकतो असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक. 'या कादंबऱ्यांतून अरब समाज कळतो' असं वाक्य प्रस्तावनेत कृपा करून लिहू नकोस. घालींची ती एकच कादंबरी, आणि तिच्यातला राम कैरोच्या श्रीमंत, फ्रेंच बोलणाऱ्या नात्यागोत्यात वाढलेला फटकळ तरुण आहे. त्याला अख्ख्या इजिप्तचा प्रतिनिधी केलंस, तर त्याच्यावर आणि इजिप्तवर दोघांवर अन्याय.

सुएफ यांच्या कादंबरीचा अरबी अनुवाद त्यांच्या आई फातिमा मूसा यांनी केला. अरबी वाचणारं कुणी भेटलं, तर धातूंचा तो उतारा त्या अनुवादात कसा उतरलाय ते वाचून घे. जे इंग्रज वाचकाला समजावून सांगावं लागलं, ते अरबी वाचकाला सांगताना काय होतं, हे तिथेच दिसेल.

सुरुवात मतारपासून कर; ती चौघांत सगळ्यात सोपी वाटेल. पहिल्या तीन प्रकरणांच्या नोंदी झाल्या की वहीच्या पानांचे फोटो पाठव, तिसरा रकाना मी नीट बघतो.

तुझा,
अविनाश