गो-लाइव्हच्या आधी

डोंबिवली

प्रिय मिहिर,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलून गेलास की तुझ्या टेस्टिंगमध्ये रिग्रेशनच्या, म्हणजे बदलांनंतर आधीचं सगळं नीट चालतंय का ते पुन्हा तपासण्याच्या, तीन सायकल ठरल्या होत्या, आता एकच होणार, कारण बँकेला १ एप्रिललाच नव्या सिस्टीमवर जायचं आहे. तुझ्या आवाजातली काळजी मला कळली. बाबा म्हणतात, मुलाच्या नोकरीत आईने पडू नये. पण हे काम मीही केलंय, म्हणून लिहिते.

मी मुंबईच्या सीप्झमध्ये वायटूकेवर, म्हणजे सन २००० लागताना कॉम्प्युटर तारखा चुकवतील त्या दुरुस्तीवर, होते तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता. आज लोक म्हणतात, "एवढा गाजावाजा केला आणि झालं काय? काहीच नाही." हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. जगभर माणसं कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लाखो ओळी उपसत बसली होती, म्हणून फारसं काही झालं नाही. वर्षाचे दोनच आकडे साठवलेली, म्हणजे जिथे २००० चं '००' हे १९०० वाटू शकेल अशी ठिकाणं शोधायची, दुरुस्त करायची आणि मग मशीनची तारीख पुढे नेऊन सगळं पुन्हा चालवून बघायचं. नुसती ३१ डिसेंबरची मध्यरात्र तपासून भागत नसे. २९ फेब्रुवारी २००० तपासायचा, कारण शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं एवढंच धरून, चारशेने भाग गेला तर ते लीप असतं, हा नियम कुणी विसरलेला असू शकतो. त्या वर्षाचा ३६६वा दिवसही तपासायचा.

तरी काही निसटलंच. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या नॉर्दर्न जनरल हॉस्पिटलमध्ये एक प्रोग्रॅम होता. गरोदर बाईच्या रक्ततपासणीवरून बाळाला डाउन सिंड्रोम असण्याचा धोका किती, हे तो काढून द्यायचा. त्या हिशेबात आईचं वय फार महत्त्वाचं. जानेवारी २००० पासून तो वयच चुकीचं धरू लागला. मशीन बंद पडलं नाही, रिपोर्ट जात राहिले. दीडशेहून जास्त बायकांना धोका कमी असल्याचं चुकीचं कळवलं गेलं, आणि ते उघडकीस यायला मे महिना उजाडला. त्या बायकांचा विचार मनात आला की आजही मला अस्वस्थ व्हायला होतं.

मिहिर, बंद पडणाऱ्या सिस्टीमची मला तेवढी भीती वाटत नाही. ती पडली की सगळे धावतात. गुपचूप चुकीचं उत्तर देणारी सिस्टीम वेळेत पकडायची तर ते टेस्टरनेच पकडायला हवं, आणि त्यासाठी बरोबर उत्तर काय यायला हवं ते त्याने आधी स्वतः काढून ठेवलेलं हवं. म्हणून व्याजाच्या आणि टीडीएसच्या (व्याजातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराच्या) केसेस घाईत उरकू नकोस. मुदतीआधी मोडलेली एफडी, ज्येष्ठ नागरिकाची ठेव, खातेदार गेल्यावर वारसाकडे आलेले पैसे. अशी खाती ज्यांची असतात, त्यांना स्टेटमेंटमधली चूक स्वतःहून सापडणं कठीण असतं.

तुझ्या कामाच्या अगदी जवळचं उदाहरण टीएसबी या ब्रिटिश बँकेचं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका वीकएंडला लॉइड्सच्या सिस्टीमवरून आपल्या स्पॅनिश मालकाच्या, साबादेलच्या, सिस्टीमवर नेली. डेटा बरोबर गेला, सिस्टीमला मात्र भार झेपला नाही. १९ लाखांपर्यंत लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नंतरच्या चौकशीत निघालं की डेटा सेंटर दोन होती आणि लोड टेस्टिंग, म्हणजे किती भार झेपतो याची चाचणी, एकावरच झालं होतं. शिवाय शेवटची तारीख आधी ठरवून योजना तिथून उलटी आखलेली. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड केला, पुढच्या वर्षी त्यांच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः केला. एकाच सेंटरवर टेस्ट झाली हे टेस्ट चालवणाऱ्यांना ठाऊक असणारच, असं मला वाटतं. ज्यांनी 'जा' म्हणायचं त्यांच्या टेबलावर ते स्पष्ट शब्दांत असायला हवं होतं.

तुझ्या हातात आहे ते एवढंच, आणि ते थोडं नाही. शुक्रवारच्या बैठकीआधी रिपोर्टमध्ये पास आणि फेलच्या शेजारी 'तपासलं नाही' असा तिसरा रकाना घाल. दोन सायकल कापल्या तर कोणत्या केसेस गेल्या, त्यांची नावं त्यात येऊ देत. डीआर साइटवर, म्हणजे मुख्य सेंटर पडलं तर काम उचलणाऱ्या दुसऱ्या सेंटरवर, पूर्ण लोड टाकलाय का, विचार. रोलबॅकची, म्हणजे बिघडलं तर जुन्या सिस्टीमवर परत जाण्याची, तालीम झाली का आणि तिला किती तास लागले, तेही विचार. नुसतं 'प्लॅन आहे' हे उत्तर घेऊन उठू नकोस. "ते प्रॉडक्शनमध्ये (म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी चालू झाल्यावर) बघू" असं कुणी म्हणालं तर ते मिनिट्समध्ये त्याच्या नावासकट लिहिलं जाऊ दे. आणि तारीख पुढे ढकलावी असं तुझं मत झालं, तर चहाच्या टपरीवर सांगू नकोस, मेल कर. तुझ्या लीडला ते आवडणार नाही, तरी कर. पाठवण्याआधी मसुदा मला वाचून दाखवलास तरी चालेल, मी रात्री अकरापर्यंत जागी असते.

तुझी,
आई